उतारा कमी का पडला, ते आधी विचारा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील विज्ञान महाविद्यालयांची संचालक मंडळे, प्राचार्य, रसायनशास्त्र विभागप्रमुख आणि प्रात्यक्षिक परीक्षेचे परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तयार केलेल्या पदार्थाचा उतारा (हिशेबाने जास्तीत जास्त जितका मिळू शकतो, त्याच्या किती टक्के हाती आला तो आकडा) ६० टक्क्यांच्या खाली आला, तर प्रयोग पुन्हा करायचा आणि तोवर जर्नलवर, म्हणजे प्रयोगवहीवर, सही मिळणार नाही, असा नियम या भागातल्या काही महाविद्यालयांनी लावला आहे. परीक्षेतही काट्यावरचा आकडा बघून गुण पडतात. हा नियम आम्हाला मान्य नाही. आम्ही याच भागात हा विषय शिकवणारे, शिकवून निवृत्त झालेले आणि प्रयोगशाळेची कपाटे सांभाळणारे लोक आहोत. उतारा कमी येतो हे खरे आहे. पण तो ज्या कारणांनी कमी येतो, त्यातली निम्मी कारणे विद्यार्थ्याच्या हातात नाहीत, आणि जी आहेत ती त्याला कोणी सांगत नाही.

यील्डला आम्ही उतारा म्हणतो, कारण हा शब्द इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला धरून ठरते, हे चिकोडी-अथणीकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कारखान्यात उतारा घसरला तर केमिस्ट काय करतो? बगॅसमध्ये किती साखर गेली, प्रेसमडमध्ये किती, मोलॅसिसमध्ये किती आणि ठावठिकाणा न लागलेली किती, असा रकाना मांडतो. ऊस तोडून किती तास फडात पडला होता, तेही बघतो. साखरेचे हे शास्त्र शिकवणारी निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट बेळगावातच आहे. आणि त्याच बेळगाव भागातल्या महाविद्यालयात उताऱ्याचा हिशेब एका भागाकारावर संपतो!

आमच्या तक्रारी अशा.

तक्रार पहिली: ज्या आकड्याने भागायचे, तोच चुकीचा असतो.

ॲनिलीनपासून बनणाऱ्या ॲसिटॅनिलाइडचा प्रयोग घेऊ, कारण तो बहुतेक सगळीकडे होतो. ५ मिली ॲनिलीन, ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ५ मिली ॲसिटिक ॲनहायड्राइड. दहा-पंधरा मिनिटे रीफ्लक्स करायचे (वाफ थंड करून परत आत पाडत उकळायचे), १२५ मिली बर्फाच्या पाण्यात ओतायचे, गाळायचे आणि उकळत्या पाण्यातून स्फटिक काढायचे. जर्नलमधला हिशेब ॲनिलीनवरून असतो: ५ मिली म्हणजे ५.१ ग्रॅम, ०.०५४८ मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचे एकक), म्हणून ७.४ ग्रॅम ॲसिटॅनिलाइड. आता ॲनहायड्राइड मोजा. ५ मिली भरते ५.४ ग्रॅम, म्हणजे ०.०५२९ मोल. त्याचा एकच ॲसिटिल गट ॲनिलीनला लागतो, दुसरा ॲसिटिक ॲसिड होऊन बाजूला पडतो. ॲसिटिक ॲसिडही ॲनिलीनशी हीच क्रिया करते, पण त्याला पंधरा मिनिटे पुरत नाहीत, तास लागतात. म्हणजे आधी संपते ते ॲनहायड्राइड, आणि कमाल उतारा ७.४ नसून ७.१५ ग्रॅम.

इथे फरक थोडा आहे. ॲस्पिरिनमध्ये तो हास्यास्पद होतो. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड आणि ५ मिली ॲनहायड्राइड घेतात. सॅलिसिलिक ॲसिड ०.०१४५ मोल, ॲनहायड्राइड ०.०५२९ मोल. ॲनहायड्राइड साडेतीन पटीहून जास्त आहे आणि ते मुद्दामच जास्त घेतलेले आहे. कमाल ॲस्पिरिन २.६१ ग्रॅम. विद्यार्थ्याने २ ग्रॅम काढले तर उतारा ७७ टक्के, म्हणजे उत्तम. तोच हिशेब चुकून ॲनहायड्राइडवरून केला तर कमाल ९.५ ग्रॅम धरले जाते आणि उतारा दिसतो २१ टक्के. पदार्थ तोच, वजन तेच. कुठला पदार्थ आधी संपतो, हे लिहायला जर्नलमध्ये ओळच छापलेली नसेल, तर ही चूक एकट्या विद्यार्थ्याची नाही.

तक्रार दुसरी: शंभर टक्के कशालाही मिळत नाहीत, हे सांगितले जात नाही.

ॲसिटॅनिलाइड थंड पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम दर १०० मिलीला विरघळते, उकळत्या पाण्यात साधारण पाच ग्रॅम. हे दोन आकडे हाती असले की बाकीचे कागदावरच कळते. मिश्रण ज्या १२५ मिली पाण्यात ओतले, त्यात ०.६ ग्रॅम राहणार. सात ग्रॅम पदार्थ विरघळवायला १४० मिली उकळते पाणी हवेच. ते थंड झाल्यावर त्यात ०.७ ग्रॅम राहणार. दोन्ही मिळून १.३ ग्रॅम, म्हणजे अठरा टक्के, एकही चूक न करता गेले. गाळणकागदाला, चंचुपात्राला आणि फनेलला पाव ग्रॅम चिकटते. हाती येतात ५.६ ग्रॅम, म्हणजे ७८ टक्के. अगदी स्वच्छ हाताचा हा उतारा आहे.

आता नेहमी होते ते बघा. स्फटिक काढताना पाण्याखाली तेलासारखा थेंब दिसतो. ॲसिटॅनिलाइड कोरडे असताना ११४ अंशांना वितळते, पण गरम पाण्यात ते ८३ अंशांच्या आसपासच वितळून तळाशी बसते. तो थेंब म्हणजे विरघळायचा राहिलेला पदार्थच. विद्यार्थी त्याला मळ समजून गाळून टाकतो, नाहीतर घाबरून पाणी ओतत सुटतो आणि १४० मिलीच्या जागी ३०० मिली होते. थंड झाल्यावर त्या पाण्यात दीड ग्रॅम पदार्थ राहतो. उतारा ७८ वरून ६७ वर येतो. थोडे थोडे उकळते पाणी घालायचे, प्रत्येक वेळी मिनिटभर उकळू द्यायचे, थेंब दिसेनासा झाला की थांबायचे. यापलीकडे इथे काही कौशल्य नाही. पाणी जास्त झालेच तर स्फटिक गाळून उरलेले पाणी आटवून १०० मिलीवर आणावे, थंड झाल्यावर आणखी एक ग्रॅम खाली बसते. ही दुसरी खेप वेगळी ठेवून तिचा वितळणांक वेगळा घ्यावा, कारण ती कमी शुद्ध असते. पण तीन तासांच्या वेळापत्रकात दुसऱ्या खेपेला वेळ ठेवतो कोण?

(कोळशाचेही तसेच. रंग घालवायला चमचाभर कोळसा टाकला की तो रंगाबरोबर पदार्थही शोषतो. सात ग्रॅमला ०.१ ग्रॅम पुरतो, आणि तो उकळी थांबल्यावरच टाकायचा, नाहीतर सगळे फसफसून उतू जाते. गाळणीचा फनेल आधी गरम केलेला आणि आखूड दांडीचा हवा. थंड फनेलच्या लांब दांडीतच स्फटिक धरतात.)

एस्टरची, म्हणजे अल्कोहोल आणि ॲसिड यांपासून होणाऱ्या पदार्थाची, गोष्ट आणखी सरळ आहे. इथाइल अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिड यांच्या समतोलाचा स्थिरांक सुमारे ४ आहे. दोन्ही सारख्या मोलमध्ये घेतले तर दोन तृतीयांशावर, म्हणजे ६७ टक्क्यांवर, ही क्रिया स्वतःहून थांबते. दिवसभर उकळले तरी पुढे जात नाही. एक पदार्थ तिप्पट घेतला तर ९० टक्क्यांपर्यंत जाते. मग धुताना साधे पाणी वापरतात. तयार झालेला एस्टर, इथाइल ॲसिटेट, १०० मिली पाण्यात आठ ग्रॅम विरघळतो. ५० मिली पाण्याने एकदा धुतले की चार ग्रॅम सिंकमध्ये. म्हणून मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवायचे. सारखे मोल घेऊन ५५ टक्के उतारा आणणाऱ्या मुलाने शक्य होते त्यातले ८२ टक्के मिळवले आहे, आणि तुमच्या नियमात तो नापास आहे.

टप्प्यांच्या प्रयोगात तर नियमाचे हसेच होते. ॲनिलीनपासून ॲसिटॅनिलाइड, त्यापासून पॅरा-ब्रोमोॲसिटॅनिलाइड, त्यापासून पॅरा-ब्रोमोॲनिलीन. प्रत्येक पायरीला ८० टक्के, म्हणजे अव्वल काम. तीन पायऱ्यांचा गुणाकार ५१ टक्के.

तक्रार तिसरी: ऊस शिळा देता आणि उतारा ताज्या उसाचा मागता.

ही तक्रार थेट व्यवस्थापनाला आहे. ॲसिटिक ॲनहायड्राइड हे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रित रसायन आहे. खरेदीला कागदपत्रे लागतात, ते आम्ही समजू शकतो. पण त्यामुळे एक मोठी बाटली आणायची आणि ती वर्षानुवर्षे पुरवायची, हा रिवाज पडला आहे. बाटली उघडली की हवेतले पाणी आत जाते आणि ॲनहायड्राइडचे ॲसिटिक ॲसिड होऊ लागते. खानापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या हवेत तर विचारायलाच नको. वीस जणांच्या बॅचने वीस वेळा बूच काढलेली बाटली वर्षाअखेरीस काय उरली असेल? तीस टक्के मेली असे धरा. ५ मिलीमध्ये कामाचे ०.०३७ मोल राहिले, कमाल उतारा ५ ग्रॅमवर आला. पाण्यात विरघळून राहिलेले, चिकटलेले वजा जाता विद्यार्थ्याच्या हाती ३.६५ ग्रॅम. जर्नलच्या ७.४ ने भागले तर ४९ टक्के. त्याने काय चूक केली, हे परीक्षकांनी सांगावे.

तपासणी दोन मिनिटांची आहे. परीक्षानळीतल्या थंड पाण्यात चार-पाच थेंब टाका. चांगले ॲनहायड्राइड आधी थेंबाथेंबाने तळाशी जाते आणि सावकाश मिसळते. जे पडताक्षणी मिसळले, त्यात ॲसिटिक ॲसिडच जास्त आहे. तसेच ॲनिलीन. ताजे ॲनिलीन रंगहीन असते. कपाटातले काळपट तांबडे असेल तर ते चिमूटभर जस्ताची भुकटी घालून १८४ अंशांना ऊर्ध्वपातित करून घ्यावे लागते. हे काम धुराच्या कपाटात, शिक्षक किंवा साहाय्यकानेच करायचे, कारण ॲनिलीन विषारी आहे आणि कातडीतूनही अंगात जाते. बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली दिसली तर ते बेंझॉइक ॲसिड. सोडियम कार्बोनेटच्या १० टक्के द्रावणाने धुतल्याशिवाय ती बाटली डायबेंझालॲसिटोन तयार करण्याच्या प्रयोगाला देऊ नये. त्या प्रयोगात ५ मिली बेंझाल्डिहाइडला १.८ मिली ॲसिटोन, यात जराही सैलपणा चालत नाही. ॲसिटोन जास्त झाले की एकाच बाजूने जोडलेला बेंझालॲसिटोन होतो, तो ४२ अंशांच्या आसपास वितळतो, आणि पिवळ्या स्फटिकांऐवजी चिकट गोळा काचेच्या कांडीला लागतो. आणि इथे मुलांना १.८ मिली कशाने मोजायला देतात? २५ मिलीच्या मोजपात्राने.

तक्रार चौथी: परीक्षेत तोलला जातो तो पदार्थ ओला असतो.

सर्वांत जास्त अन्याय इथे होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. पाण्याच्या जेटवर चालणारा सक्शन पंप नळाला जोर असेल तरच ओढतो. वरच्या टाकीतले पाणी आणि एकदम उघडलेले दहा नळ, अशा वेळी ब्यूकनर फनेलमधला चोथा पिळून निघत नाही. घाईत गाळलेल्या स्फटिकांत भरपूर पाणी असते. साडेपाच ग्रॅम पदार्थ आठ ग्रॅम भरला आणि जर्नलमध्ये १०८ टक्के उतारा लिहिला गेला, त्यावर सहीही झाली, अशा नोंदी दुर्मीळ नाहीत. ज्याने इमानदारीने कागदात दाबून, पसरून वाळवले, त्याचे वजन कमी भरते आणि त्याचे गुण जातात. ज्याच्या मुठीत पाणी, त्याला गुण!

पावसाळ्यात बेळगावात गाळणकागदच दमट असतो, मग त्यावरचा पदार्थ रात्रभरात वाळेल कसा? वाळला की नाही हे ठरवायची एकच रीत आहे: दोनदा तोलायचे, मध्ये निदान तासभर जाऊ द्यायचा, आणि दोन वजनांत ०.०२ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. डेसिकेटरमधली (पदार्थ कोरडा ठेवायच्या बंद भांड्यातली) ओल शोषणारी निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर ती १२० अंशांना तापवून पुन्हा निळी करून घ्यावी. आम्ही पाहिलेल्या बहुतेक डेसिकेटरांतली जेल गुलाबीच असते, आणि झाकणाला ग्रीस नसते.

काट्याचेही सांगायला हवे. ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर २.० म्हणजे १.९५ ते २.०५ यांतले काहीही. सुरुवातीचे वजन तसे, शेवटचेही तसे. उताऱ्यात पाच टक्के इकडेतिकडे काट्यामुळेच होतात. अशा काट्यावर ५८ आणि ६२ यांत फरक करून एकाला सही आणि दुसऱ्याला पुन्हा प्रयोग!

तक्रार पाचवी, थोडक्यात: बर्फ. एप्रिलमध्ये नळाचे पाणीच कोमट असते. बर्फाच्या लादीसाठी शिपाई बाजारात धावतो, ती येईपर्यंत निम्मी बॅच गाळून मोकळी झालेली असते. ॲस्पिरिन साध्या तापमानाला १०० मिली पाण्यात ०.३ ग्रॅम विरघळते. शंभर मिली कोमट पाण्याने धुतले की २.६१ मधले बारा टक्के तरी गेलेच, शिवाय पाणी गरम असेल तर ॲस्पिरिन फुटून पुन्हा सॅलिसिलिक ॲसिड होऊ लागते आणि अशुद्धी दाखवणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या चाचणीत जांभळा रंग येतो. बर्फाच्या पाण्याने दहा-दहा मिलीने दोनदा धुतले तर यातले फारसे काही होत नाही.

जाता जाता एक. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी ९७ ते ९८ अंशांनाच उकळते. थर्मामीटर १०० दाखवत नाही म्हणून तो मोडका ठरवून मुलांकडून भरपाई घेऊ नये.

तक्रार सहावी भाषेची आहे. दहावीपर्यंत मराठीतून किंवा कन्नडमधून शिकलेली मुले पीयूसीला (अकरावीला) एकदम इंग्रजीत येतात. प्रयोगाची कृती इंग्रजीत पाठ करतात, ती त्यांना जमतेही. पण 'कमीत कमी उकळत्या पाण्यात विरघळवा' यातला 'कमीत कमी' हाच शब्द सगळ्या उताऱ्याचा कणा आहे, हे त्यांना त्यांच्या भाषेत एकदा तरी कोणी सांगायला हवे. आम्ही इंग्रजी काढून टाका असे म्हणत नाही. भिंतीवर एक तक्ता म्हणतो आहोत.

आणि या नियमाचा शेवट कशात होतो, तेही लिहायला हवे. आकड्याला गुण असले की आकडा तयार होतो. मागच्या बॅचच्या पुडीतले दोन ग्रॅम नव्या पुडीत येतात. विद्यार्थी खोटे बोलायला शिकतो आणि परीक्षकालाही ते कळत असते.

आमच्या मागण्या:

६० टक्क्यांचा नियम येत्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी मागे घ्यावा.

प्रत्येक प्रयोगासाठी दोन आकडे महाविद्यालयाने स्वतःच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या रसायनांवर काढून फलकावर लावावेत: आधी संपणाऱ्या पदार्थावरून येणारा कमाल उतारा, आणि न टळणारी घट वजा जाऊन उरणारा व्यवहारी उतारा. विद्यार्थ्याची तुलना दुसऱ्या आकड्याशी करावी.

उताऱ्याचे निम्मे गुण घटीच्या हिशेबाला द्यावेत. पाणी किती मिली वापरले, त्यात किती राहिले असेल, कागदाला किती चिकटले, दुसरी खेप किती निघाली, आणि ठावठिकाणा न लागलेले किती. ४९ टक्के उतारा आणि पूर्ण हिशेब देणाऱ्याला ८५ टक्के आणि कोरा रकाना देणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळाले, तर आमची हरकत नाही.

परीक्षेतला पदार्थ क्रमांक घातलेल्या पुडीत सीलबंद करून दुसऱ्या दिवशी कोरडा तोलावा. तेवढे जमत नसेल तर वजनाचे गुण काढून ते वितळणांक आणि स्फटिकांना द्यावेत.

प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख असावी. ॲनहायड्राइडची परीक्षा आणि ॲनिलीनचे ऊर्ध्वपातन सत्राच्या सुरुवातीला व्हावे, आणि त्याची नोंद विद्यार्थ्यांना बघता यावी. मोठ्या बाटलीतले ॲनहायड्राइड घट्ट बुचाच्या लहान बाटल्यांत वाटून, एका बॅचला एकच उघडावी.

वीस जणांच्या बॅचला पाच किलो बर्फ प्रात्यक्षिक सुरू होण्याआधी हजर असावा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा निदान एक काटा आणि चौघांत एक चालता सक्शन पंप असावा. दोन मिलीपर्यंत मोजायला अंशांकित पिपेट आणि तोंडाने न ओढता भरण्यासाठी रबरी फुगा द्यावा.

कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत, प्रत्येक प्रयोगात उतारा कुठे जातो याचा एक पानी तक्ता लावावा. मराठी मजकूर आम्ही लिहून देऊ. कन्नड मजकूर लिहून द्यायला आमच्यातलेच सहकारी तयार आहेत.

सत्र सुरू होण्याआधीच्या दोन शनिवारी, बोलवाल त्या महाविद्यालयात येऊन हे व्यवहारी उतारे तुमच्या शिक्षकांबरोबर काढून देण्याची आमची तयारी आहे. मानधन नको. रसायने मात्र नव्या सीलची ठेवा, आणि शेजारी कपाटातली जुनी बाटलीही ठेवा. दोन्हींचा उतारा एकाच टेबलावर तोलू.

लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपले,
सीमाभागातील रसायनशास्त्राचे काही आजी-माजी शिक्षक आणि प्रयोगशाळा साहाय्यक